शेवटचे तीन आकडे

संध्याकाळी पार्सलं टेम्पोत चढली की आमचं ऑफिस रिकामं व्हायचं. किस्से मात्र तिथंच पडून राहायचे! ते कुठल्या कुरियरने पाठवणार?

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या त्या साड्यांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. आता तिथे बारकोडची गन आली आहे म्हणे. ती बीप करते आणि काम संपतं. बीपचे कसले किस्से होणार? म्हणून जुनेच सांगते.

आमचं काम तसं सोपं. साड्यांची पार्सलं कुरियरला द्यायची, त्यांच्या साइटवरून त्या दिवसाच्या नंबरांची फाईल उतरवायची आणि दुकानदारांना नंबर कळवायचे. नंबर अठरा आकडी! आणि एक्सेलला पंधरा आकड्यांच्या पुढचं झेपत नाही. फाईलवर नुसतं डबल क्लिक केलं की शेवटच्या तीन आकड्यांची शून्यं होतात. म्हणून आधी कोरी शीट उघडायची, त्यात डेटा घ्यायचा, नंबरांच्या कॉलमला ‘टेक्स्ट’ करायचं, मग पुढचं.

एवढं करूनही भालेराव काकांचा विश्वास नसायचा. काका पॅकिंगचे मुख्य. वडील मिलमध्ये होते, तिथल्या खडखडाटात बोलायचा आवाज घराण्यातच आलेला. पार्सलावरचा स्टिकर बघून ते आतून ओरडायचे, "शेवटचे तीन?" आणि माझ्या शेजारच्या रंजनाताई स्क्रीनवर बघून उत्तर द्यायच्या, "शून्य, चार, सात!" दिवसभर हेच. समोरच्या चहावाल्यालाही आमचे नंबर पाठ झाले असतील.

*

जिग्नेश नवीन लागला तेव्हाची गोष्ट. गुजराती, पण लिंबायतच्या मराठी वस्तीत वाढलेला, त्यामुळे मराठी आमच्याहून फर्डं. पहिल्याच दिवशी त्याने फाईलवर डबल क्लिक केलं. मोठा नंबर एक्सेल आखडून दाखवतं, तसं पूर्ण कॉलमभर 4.07E+17!

नेमके शेठ मागे येऊन उभे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आ ई कोण छे? आपणो बधो माल एने केम जाय छे?"

आपला सगळा माल त्या ‘ई’लाच कसा जातो, हे शेठना समजावण्यात जिग्नेशचा पहिला दिवस गेला.

*

शेठची श्रद्धा मोठी. हिशेबाच्या चोपडीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं प्रत्येक शीटच्या पहिल्या चौकटीत ‘श्री’ लिहायचंच, असा त्यांचा हुकूम. ‘श्री’ लिहिलं की आकडे बिघडत नाहीत, असं त्यांचं ठाम मत!

एकदा परत सगळी शून्यं झाली. शेठ चिडले, "श्री लख्यु हतु के नहीं?"

जिग्नेशने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "लिहिलं होतं शेठ. तेवढंच नीट आलंय!"

*

तक्रारीचा फोन नंबर आमच्या प्रत्येक स्टिकरवर छापलेला असे. फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा, एकाने नंबर मोठ्याने परत म्हणायचा आणि दुसऱ्याने टाइप करायचा, हा काकांचा नियम.

अकोल्याच्या एका दुकानदाराला जिग्नेशने ती ‘ई’वाली शीट तशीच पाठवली होती. त्याचा फोन. मी म्हटलं, "दादा, पार्सलचा नंबर सांगा."

"लिहा. चार पॉइंट शून्य सात ई प्लस सतरा."

मी काही बोलणार, एवढ्यात आतून काका गरजले, "शेवटचे तीन?"

तिकडून शांत उत्तर आलं, "प्लस, एक, सात."

*

सवय इतकी हाडात भिनली होती की विचारू नका. जिग्नेश मुलगी बघायला गेला. घरच्यांनी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तिने आपणहून फोन नंबर सांगितला, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "शेवटचे तीन परत सांगा."

तिने सांगितले. याने खात्रीसाठी पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले.

घरी जाऊन ती आईला म्हणाली, "मुलगा ऐकून घेणारा आहे." लग्न झालं! आता ती काय म्हणते, ते जिग्नेश सांगत नाही.

*

शेठची एक पद्धत मला अजून आठवते. दिवाळीला स्टाफपैकी प्रत्येकाने एक साडी उचलायची आणि गावाकडे हवी त्या माणसाला पाठवायची. कुरियर शेठचं.

रंजनाताईंची साडी दरवर्षी अमळनेरला जायची, धाकट्या बहिणीला, शोभाला. आजारी आईला सुरतेत ठेवायचं की गावी, यावरून दोघींचं फाटलं होतं. आई गेली आणि बोलणं कायमचं बंद झालं. साडी जायची आणि ‘घेण्यास नकार’ असा शिक्का घेऊन परत यायची. काका ते पार्सल गुपचूप ताईंच्या टेबलाखाली ठेवायचे आणि त्या दिवशी जरा हळू ओरडायचे. मला फार वाईट वाटायचं.

एका वर्षी जिग्नेश न राहवून म्हणाला, "ताई, यंदा रंग बदलून बघा ना."

"रंगाचं भांडण नाही रे ते," ताई म्हणाल्या. आणि तरी त्यांनी त्या वर्षी रंग बदलला! आमसुली घेतली.

*

तीच ती दिवाळी. ओरडून ओरडून काकांचा घसा बसलेला, त्यामुळे ‘शेवटचे तीन’ बंद. गर्दी अशी की जिग्नेशने घाईत फाईलवर डबल क्लिक केलं आणि वर सेव्हही केलं. साइटवर ती फाईल एकच दिवस राहायची. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा सगळ्या पार्सलांच्या शेपटाला तीन-तीन शून्यं!

दुकानदारांचं निभावलं. माल पोचल्यावर त्यांनीच स्टिकर वाचून दाखवले. राहिली एक आमसुली साडी.

"ताई, पावती?" मी विचारलं.

"दरवर्षी परतच येतं गं. पावती कशाला ठेवू?"

पण त्या वर्षी पार्सल परत आलंच नाही. कुरियरवाला दारात आला की ताईंची मान वर व्हायची आणि तो गेला की खाली जायची. शोभाने साडी घेतली, की वाटेत कुठे हरवली? ताई विचारत नव्हत्या, पण त्यांचं जेवण सुटलं होतं. कुरियरच्या ऑफिसला फोन केला तर एकच उत्तर, "पूर्ण नंबर सांगा."

मग आम्हीच बसलो. पहिले पंधरा आकडे हातात होते, शेवटच्या तिन्हींच्या जागी हजार शक्यता. चहा पिता पिता, डबा खाता खाता जो तो साइटवर नंबर टाकून बघायचा. कुणाचं पार्सल भुसावळला अडकलंय, कुणाचं नाशिकला पोचलंय, हे सगळं कळलं. अमळनेर काही सापडेना. शेवटी शेठही खुर्ची ओढून बसले. आधी ‘श्री’ टाइप केलं, मग आकडे!

असेच एका दुपारी सगळे बसलेले असताना तक्रारीचा फोन वाजला. जिग्नेशने स्पीकर लावला. "बोला, पार्सलचा नंबर सांगा."

पलीकडच्या बाईने स्टिकर वाचायला घेतला. एकेक आकडा, सावकाश. पंधरावा झाला तशी माझी बोटं की-बोर्डवर थांबली, कारण ते पंधरा आम्हाला तोंडपाठ होते.

"शेवटचे तीन?" काकांनी बसक्या आवाजात विचारलं.

"सहा, एक, नऊ."

जिग्नेशने विचारलं, "तक्रार काय आहे?"

"साडीले फॉलच लायेल नही! माले फॉल लावता येत नही, हाई तिले माहित शे ना?"

रंजनाताई उठल्या, जिग्नेशच्या हातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"शोभा," त्या म्हणाल्या, "नंबर परत सांग व. पहिल्यापासून सांग."