ठकूचं माहेर

डॉ. वसुधाताई नेने यांची आणि माझी ओळख एका कुंपणावरून झाली, आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी मला झापलं.

२०२०चा उन्हाळा. मी लेकीकडे आयर्लंडात ॲथलोनला आलो होतो दोन महिन्यांसाठी. विमानं बंद झाली आणि मी जावयांच्या सोफ्यावर मूळ धरलं. म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये हा हुकूम सैल झाल्यावर रोज फेरी मारू लागलो. एक दिवस गावाबाहेरच्या शेतात पांढरी जनावरं चिखलात उभी दिसली. हरणाचं अंग, मळसूत्री शिंगं, बशीएवढी खुरं. मी जन्मभर संगमनेरकडे गुरांच्या दवाखान्यात परिचर होतो. शाळा सातवीपर्यंत, पण खूर मला कळतं. तोंडातून निघून गेलं, "अरेरे, कोण सांभाळतंय यांना? खुरं पार वाढलीत की!"

गोठ्याआडून गमबूट घातलेल्या बाई बाहेर आल्या. "दिसतंय हो मला! हात दोनच आहेत. एवढा कळवळा असेल तर फाटक उघडं आहे, या आत."

गेलो तो पुढचे आठ महिने तिथलाच झालो.

ताई पशुवैद्य. जनावराचं नाव ॲडॅक्स. सहारा वाळवंटातलं हरीण, तिकडे जवळपास संपलेलं. जन्मात पाणी फारसं न मागणारा हा जीव आयर्लंडच्या पावसात भिंतीला पाठ लावून असा उभा राही, की मला आमचे जावईच आठवत. नऊ वर्षं ताईंनी हा कळप वाढवला, तो परत पाठवण्यासाठी. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी जनावरं गेली पाहिजेत, आणि तीही तिकडे थंडी असताना. नाहीतर वर्ष हुकलं आणि ताईंच्या हातून काम गेलं.

मी म्हणालो, "मऊ जमिनीवर खूर झिजायचं कसं? खडी अंथरा. शेळ्यांना आम्ही तेच करतो." एवढ्या शिकलेल्या बाई, पण "पुस्तकात बघते" म्हणाल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी खडीचा ट्रक दारात. वर महिन्याच्या अहवालात माझं नाव घातलं: खुरांचे सल्लागार. लेकीने तो कागद फ्रिजवर चिकटवला. घरात तेव्हापासून मला दुसऱ्यांदा चहा मिळू लागला.

ताईंचं खरं मोठेपण मात्र मी संगणकासमोरच्या बैठकांत पाहिलं. तिकडच्या मंत्रालयाचे साहेब म्हणत, विहिरीसकट सगळ्या रानाला कुंपण घालू. युरोपातली समिती म्हणे, उत्तम. ताई विचारायच्या, "तिथे उंट चारणारी माणसं आहेत. त्यांना विचारलंत?" ते पुढच्या मुद्द्यावर जात. एकदा साहेब वैतागले, "मॅडम, तुम्ही फक्त सही करा."

"मुलगी द्यायची आणि घर बघायचं नाही? सही होणार नाही."

शेवटी त्या उंटवाल्यांचे वडीलधारे उमरबाबा बैठकीत आले. त्यांची नात त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगायची, ताई मला मराठीत. बाबा म्हणाले, "माझा आजा भुकेपुरतं एखादं मारायचा आणि त्याच्यावर गाणं म्हणायचा. गाड्यांतून बंदुका घेऊन आले त्यांनी कळप संपवले. आणि कुंपण कुणाला? आम्हाला!"

ताई मला हळूच म्हणाल्या, "सल्लागार, हे व्याही मला पसंत आहेत." पुढे चार महिने त्या भांडल्या. विहीर सगळ्यांना खुली, आणि रानाची राखण उमरबाबांच्या माणसांकडे, हे कागदावर आलं तेव्हाच ताईंनी सही केली.

आणि एवढं सगळं मी एका चिमटीत बुडवायला निघालो होतो.

त्याचं असं झालं. कळपात ठकू नावाची मादी होती. आई मेली म्हणून ताईंनी तिला बाटलीवर वाढवलेली. २०२१च्या फेब्रुवारीत निघायचा दिवस उजाडला. जनावरं पिंजऱ्यांत चढली, ट्रक डब्लिनच्या विमानतळाकडे निघायला तयार. मला राहवेना. लेक सासरी निघाली आणि कपाळ मोकळं? माझ्या लेकीच्या देव्हाऱ्यातली पुडी खिशात होतीच. ठकूच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं, आणि तिने मान झटकली म्हणून नाकावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरही सांडलं. तिथला गडी पॉरिक म्हणाला, "ग्रँड!" त्याला सगळंच ग्रँड असतं.

महामारीमुळे शेवटची तपासणी व्हिडिओवर होती. ठकूचं तोंड दिसताच साहेब ओरडले, "चट्टे! त्वचारोग! एकही जनावर येणार नाही!"

मी पुढे सरकलो. तिथे माझी नेमणूक नाही की परवाना नाही. पाहुणा म्हातारा मी. तोंड उघडणार तोच ताई म्हणाल्या, "मी लावलंय ते. रंग आहे."

"पुसून दाखवा."

ओल्या फडक्याने कुंकू गेलं. हळद कुठली जाते! साहेब म्हणाले, "बघा, रोगच!" ताईंनी वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. तो कटाक्ष मला अजून सोसवत नाही. मग त्यांनी माझ्या हातातली पुडी घेतली, पॉरिकला पुढे ओढलं आणि त्याचं गोरं कपाळ माखून फडक्याने खसाखसा पुसलं. पॉरिक पिवळाच राहिला. "आता यालाही रोग म्हणा!"

उमरबाबा बैठकीत होते. नातीने विचारलं, "आजोबा विचारतात, ही खूण कशाची?"

ताईंनी ठकूच्या मानेवर हात ठेवला. "आमच्यात लेक सासरी पाठवताना लावतात. आणि सासरच्यांना सांगतात, चुकलंमाकलं सांभाळून घ्या."

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग साहेबांवरच गरजले, "सून आमची. तिच्या कपाळावर काय आहे ते आम्ही बघू. सासरच्यांची हरकत नाही, लिही!" साहेबांनी लिहिलं. तपासणीच्या फॉर्मवर 'पिवळ्या डागाचे कारण' यापुढे आजही वाचता येतं: कौटुंबिक समारंभ.

ट्रक गेला. ताई रिकाम्या गोठ्यात खडीवर बसल्या. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "चुकलंच. दही विसरलात." आणि मग दोघेही रडलो. पॉरिकने चहा आणला, कपाळ तसंच पिवळं.

एप्रिलमध्ये मी गावी परतलो. ताईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लिहा असं तिथल्या मराठी मंडळाने कळवलं त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. ठकू व्याली. उमरबाबांचा निरोप असा: "तुमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणे. ते आम्हीच उरकलं. आता बारशाला तरी या." तोवर पिल्लाचं नाव ठेवणार नाहीत.

ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात आणि प्रवास अजून धड सुरू नाही, हे मला माहीत आहे. म्हणून देवाकडे एवढंच मागतो: ताईंना भरभरून आयुष्य दे, आणि त्यातलं पहिलं काम म्हणून त्यांचे गुडघे बरे कर. तिकडे वाळवंटात एक नात बिननावाची हिंडते आहे. आजी तिथे पोचल्याशिवाय तिचं बारसं होणार नाही, आणि दही घेऊन मीही तयार आहे.