शालनने कापू न दिलेली शांतता

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओतल्या मायक्रोफोनचं फोमचं टोपडं धुऊन वाळत घालत होतो. "काका, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची बहीण शालन न्यूमोनियाने आठवडाभर हॉस्पिटलात होती, पण शनिवारच्या कार्यक्रमाला येते असं तिने मला बजावून ठेवलं होतं, त्यामुळे माझा विश्वासच बसेना. घाटकोपरला त्यांच्या चाळीत पोचलो तर जिन्यात दोन बायका हळू आवाजात म्हणत होत्या, "सुटली बिचारी." मला भयंकर राग आला. कशातून सुटली? बेचाळीस वर्षांची बाई, दर आठवड्याला तासभर रेडिओवर बोलणारी, पुढच्या चार शनिवारांचे पाहुणे ठरवून बसलेली... तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. हे मी त्या बायकांना तेव्हा सुनावलं नाही, म्हणून महिन्याभराने इथे लिहितोय.

मुलुंडला एका कॉलेजच्या तळमजल्यावर आमचं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. नाहूरपर्यंत आमचा आवाज नीट जातो, त्यापुढे ऐकणाऱ्याचं नशीब. मी परब, अंधेरीतल्या जाहिरातींच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून निवृत्त झालेला माणूस. लोकांचे श्वास, अडखळणं, मधलं 'अं' काढून टाकण्यात माझी हयात गेली आणि त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सात वर्षांपूर्वी शालन वॉकर ढकलत आमच्याकडे आली. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे शब्द लांबत, मध्येच अडकत. निवेदकाच्या अर्जात 'स्पष्ट उच्चार' अशी अट होती. आमच्या केंद्रप्रमुखांनी, त्यांना आम्ही सर म्हणतो, ती अट तिला अगदी गोड बोलून दाखवली. शालन म्हणाली, "सर, स्पष्ट बोलणारे तुमच्याकडे भरपूर आहेत. आमच्यातलं कोण आहे?" सरांनी तिला शनिवारी सकाळी अकराची वेळ दिली.

अपंग माणसांनी अपंग माणसांशी बोलायचं, असा तो कार्यक्रम. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन आला, बाईंचं बोलणं कळत नाही म्हणून. मला वाटलं, आता ही खचणार. तिने त्यांना थेट प्रसारणातच सांगितलं की दोन शनिवार ऐका, तिसऱ्याला कळेल. तिसऱ्या शनिवारी त्यांचा खरंच फोन आला, तो फुटपाथबद्दल तिच्याशी भांडायला! म्हणजे अक्षर न् अक्षर कळलं होतं. शालन दिवसभर खुशीत होती आणि तिने आम्हाला कँटीनमधून वडे मागवायला लावले.

माझी आणि तिची खरी ठिणगी उडाली ती ओंकारवरून. ओंकार दहिसरचा, तिशीतला, ऑटिस्टिक. एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो. त्याची मुलाखत आम्ही आधी ध्वनिमुद्रित केली होती. शालनने विचारलं, "तुला लोकांची कुठली गोष्ट आवडत नाही?" ओंकार गप्प बसला. टेबलाची कड बोटाने चाचपत राहिला. जवळजवळ मिनिटभराने म्हणाला, "माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात. मी तिथेच असतो." मी रात्रंदिवस आवाज ऐकलेला माणूस, माझ्याही अंगावर काटा आला. आणि मग मी काय केलं, तर जुन्या सवयीने ते मिनिट कापून टाकलं. प्रश्न संपला की उत्तर हजर, एकदम झकास. वर मूळ मुद्रणही पुसून टाकलं, जागा अडते म्हणून. ओंकारने ते ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हा मी नाही," तो म्हणाला. "मी विचार केला होता. तो कुठे गेला?"

तो निघून गेला आणि चार शनिवार आला नाही. मी शालनला म्हटलं, अगं, त्याच्या भल्यासाठीच केलं, चांगला वाटावा म्हणून. ती म्हणाली, "काका, आमच्या भल्यासाठी लोक आयुष्यभर आम्हाला कापतच आलेत. तुम्ही पण?" दहिसरला जाऊन मी ओंकारची माफी मागितली, तो विचार करून "बरं" म्हणाला, आणि पाचव्या शनिवारी थेट प्रसारणाला येऊन बसला.

पण आता आडवं आलं यंत्र. प्रसारणात वीस सेकंद आवाज नसला की ते बिघाड झाला असं समजतं आणि आपोआप गाणं लावतं. सर म्हणाले, नियम आहे, लोकांना वाटेल केंद्र बंद पडलं. शालनने त्यांना विचारलं, विचार करणाऱ्या माणसाला बंद पडलेला समजायचं, हा कुठला नियम? सरांनी तासाभरापुरतं यंत्र बंद ठेवायला परवानगी दिली, मात्र परबांनी जागचं हलायचं नाही या अटीवर. तेव्हापासून दर शनिवारी तासभर मी पाण्यालाही उठलो नाही. पहिल्यांदा ती शांतता माझ्याच्याने सोसवेना, हात कात्रीकडे जावेत तसे कळांकडे जायचे... मग हळूहळू मला त्या शांततेत खुर्चीची करकर, श्वास, बाहेरचा कावळा ऐकू यायला लागला. साठीला आल्यावर मी ऐकायला शिकलो, आणि ते शालनने शिकवलं.

ती गेल्यावर सरांनी बैठक घेतली. कार्यक्रम चालू ठेवू म्हणाले, पण एखादी सराईत निवेदिका घेऊ, मुलाखती आधी मुद्रित करू, जरा आटोपशीर होतील. सर वाईट माणूस नाहीत. मी म्हटलं, "सर, हे झालं तर कापायला दुसरा माणूस बघा. मी नाही कापणार." बैठकीला आलेला ओंकार म्हणाला, "प्रश्न मी विचारतो."

गेल्या शनिवारी शालनने ठरवून ठेवलेली पाहुणी आली, भांडुपची एकोणीस वर्षांची ऑटिस्टिक मुलगी, वडिलांबरोबर. ओंकारने विचारलं, "तुला काय करायचंय?" मुलगी गप्प राहिली. दहा सेकंद... पंधरा. वडील घाईघाईने माइककडे झुकले आणि म्हणाले, "तिला ना, खरं म्हणजे..."

ओंकारने माइकवर हात ठेवला. "तिला विचारलंय," तो म्हणाला, आणि हात काढून तिची वाट बघत बसला.