चाव्यांचा जुडगा आणि तान्हा पोळा

ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज झाले तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. मला महिन्याभरातच कळलं, ही बढती नाही, हे सासूपण आहे. हातातली कैची गेली अन् कमरेला चाव्यांचा जुडगा आला. एसी गळतो, बोलवा इन्चार्जला. चादरी धुऊन आल्या नाहीत, बोलवा इन्चार्जला. डॉक्टर चिडले तरी मीच, सिस्टर रुसली तरी मीच. टेबलाशी उभं राहायला जीव नुसता तरसायचा.

त्यात सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे ड्युट्या लावणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. मग काय, सगळ्या आयांना तोच दिवस सुट्टी पाहिजे! आमची समुद्रपूरची एक सिस्टर दोन वर्षं त्या दिवशी ड्युटीवरच होती. यंदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, पोरगी नंदी घेऊन मायीच वाट पाह्यते जी. औंदा तरी जाऊ द्या मले."

बदलीला कुणी तयार होईना. म्हटलं, "जाय माय, तुयी ड्युटी मी करतो."

ती गेली, अन् दुपारी सिझेरियन आलं. मी हात धुतले, गाऊन घातला, ग्लोव्हज चढवले. अहाहा! माहेरी आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दारातून हाक आली, "मॅडम, स्टोअरची चावी!" आणि माझा मेला हात सरळ कमरेला गेला!

निर्जंतुक केलेला हात कमरेखाली नेणं म्हणजे थिएटरात पाप. शिकाऊ पोरींना मी त्यावरूनच रोज झापते. त्यातलीच एक ओरडली, "मॅडम, हात!" लाजेनं माझे कान तापले. अजून चीर दिलेली नव्हती, हे नशीब.

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या. "संध्याकाळी अजून एक केस आहे. त्या सिस्टरला फोन लावून परत बोलवा."

पोरीनं नंदीच्या गळ्यात माळ घातली असेल नसेल, तेवढ्यात आई बसस्टॉपवर? छे!

"तिला बोलवायचं नाही," मी म्हटलं. "सगळं बदलून येते."

आधी चाव्या त्या शिकाऊ पोरीच्या हवाली केल्या. मग पुन्हा हात धुतले, नवा गाऊन घातला आणि टेबलाशी उभी राहिले. डॉक्टरांनी मागायच्या आत हत्यार त्यांच्या हातात पडत गेलं. बाळ रडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळीही तुम्हीच या."

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली ती लेकीला घेऊनच. लेकीच्या काखेत झूल घातलेला नंदी.

"अख्खं गाव फिरली, मॅडम. म्हणते, तुमचा बोजारा राह्यला."

मी खिसे चाचपले, तर रिकामे; कमरेला नुसत्या चाव्या. मग खाली बसले अन् पोरीला म्हटलं, "बोजाऱ्यात पुढच्या तान्ह्या पोळ्याले तुयी माय तुले दिली."

सिस्टरनं पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीनंच डोळे पुसले. पोरगी मात्र हात पसरून तशीच उभी.

"अन् चॉकलेट?"