नळीमामांची हिमायतनगरची फेरी

"चावी काढ! आधी चावी काढ म्हणतो ना! बाशिंगासकट जळून मरायचंय का रे?"

पेट्रोलचा वास येताच कंधारच्या भर रस्त्यात नवरदेवाच्या गाडीपुढे आडवे होऊन ओरडणारे ते आमचे गॅरेजवाले नळीमामा. आवाज असा, की किल्ल्यातली वटवाघळं दिवसाढवळ्या उडाली आणि बँडवाल्याला उचकी लागली. वरात जळकोटला निघालेली. नवरदेवाचा बाप लालबुंद. "ओ मामा, गाडी माझी, पोरगं माझं. तुमचं काय जाऊन राहिलं?"

मामांनी बोनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि कोंबडीचं आतडं काढावं तशी एक हिरवी नळी सोडवून वर धरली. कापसावर औषध मारायच्या पंपाची नळी! जुन्या गाडीत कुणीतरी नवं, जोरानं पेट्रोल ओढणारं इंजिन बसवलं होतं आणि जोडायला घरातलीच नळी घेतली होती.

"दाब लई सोसती ती," बाप म्हणाला.

"दाब सोसती. पेट्रोल सोसत न्हाई. आज कडक होती, उद्या तडकती."

नवरदेव ट्रॅक्टरवर बसून गेला, मुहूर्त हुकला. त्या दिवशी पंगतीत मामांना इतक्या शिव्या बसल्या, की वरणाला वेगळी फोडणी द्यावी लागली नाही.

नळी निवडणं मामांच्या लेखी सोयरीक जमवण्यासारखं. वाकवून बघायची, हुंगायची, तिच्या अंगावरची बारीक अक्षरं डोळ्याला लावून वाचायची. कुळाचा पत्ता नसेल तर नळी थेट रस्त्यापलीकडे. "सगळ्या सारख्याच असतात हो," असं एक दुकानदार म्हणाला, तर मामा म्हणाले, "मग तुझ्या सलाईनला ही लावू का?" नळी आवळायची क्लिप गोल, गुळगुळीत पट्टीची, खाचांची पट्टी रबराला चावते म्हणून तिला दुकानात थारा नाही. अलीकडे तर त्यांचा पेट्रोलवरही राग होता. "आता पेट्रोलबी इथेनॉलची दारू पिऊन येऊन राहिलंय. म्हाताऱ्या रबराला ते कुठं सोसतंय?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण क्लिप आवळून झाली की मामा शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "निवरती, बघ बरं." मग थांबायचे. कुणीतरी बघून होईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा. मी दहा गावांत थापा मारून आलेला माणूस, पण त्या वेळेला मीही त्या रिकाम्या जागेकडे बघायचो.

निवृत्ती हा मामांचा गॅरेजमधला जोडीदार. त्या वरातीच्या कितीतरी वर्षं आधी, दसऱ्याच्या तोंडावर त्याच्या जुन्या गाडीत नवं इंजिन बसलं. नळी नांदेडहून यायची होती, तिथलं दुकान बंद. निवृत्तीला सणाला घरी हिमायतनगरला पोचायचं होतं. मामांनी फवारणीच्या पंपाची नळी लावली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. भोकरच्या पुढं गाडी पेटली. निवृत्ती वाचला नाही. मामांनी मला हे एकदाच सांगितलं. शेवटी म्हणाले, "जा बिनघोर, असं म्हणलो होतो मी त्याला."

तेव्हापासून घरात कुकर फुसफुसला तरी मामा ताटावरून उठायचे.

पुढून जळालेली ती गाडी त्यांनी पुन्हा उभी केली आणि निवृत्तीच्या बायकोच्या अंगणात नेऊन लावली. ती कुणी चालवली नाही, कुणी विकलीही नाही. दरवर्षी दसऱ्याआधी मामा तिच्या नळ्या बदलायला जात, न्यायला मी. वहिनी फाटकाची कडी काढायच्या, आत जाऊन दार लावून घ्यायच्या. पाणी नाही, शब्द नाही. मामा नळ्या बदलायचे, इंजिन चालू करून नाक-कान लावायचे, बंद करायचे. मग लावलेल्या दाराला सांगायचे, "येतो वहिनी."

आणि गाडीत येऊन बसायचे.

"मामा, उभ्या गाडीला नव्या नळ्या कशाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"उभ्या गाडीची आधी वाळती," ते म्हणाले. भोकर मागं पडल्यावर पुन्हा बोलले, "औंदा बोलतील असं वाटलं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं रे."

यंदाच्या उन्हाळ्यात मामा नांदेडच्या दवाखान्यात होते. नाकाला ऑक्सिजनची नळी. तिच्या जोडावर बोट फिरवत त्यांनी नर्सबाईला दरडावलं, "कुणी बसवली ही? फुसफुस ऐकू येऊन राहिली." बाई हसली. मामा हसले नाहीत. ते माझ्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तिथंच गेले.

तेराव्यानंतर मी एकटाच हिमायतनगरला गेलो. वहिनींनी फाटकाची कडी काढली आणि माझ्या मागं बघितलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"मामा गेले, वहिनी," मी म्हणालो.

या खेपेला त्या आत गेल्या नाहीत. अंगणातल्या गाडीकडे बघत उभ्या राहिल्या.

"मग औंदा नळ्या कोन बदलणार?" त्या म्हणाल्या.