तुम्ही कुणाचे?

ऐंशीच्या दशकात दर शनिवारी मी डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये कृष्णवर्णीय मुलांना गणित शिकवायला जायचो. माझ्या आधीचा तास त्यांच्याच वस्तीतल्या एका निवृत्त मोटार-कामगारांचा असे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, सगळे त्यांना ‘सर’च म्हणत. त्यांच्या तासाला प्रत्येकाने ताठ उभं राहून आपलं नाव आणि घरातल्या एका वडीलधाऱ्याची गोष्ट सांगायची.

“पुस्तकात आपली माणसं सापडत नाहीत ना? मग घरून आणा,” ते म्हणत.

एकदा मी लवकर पोचलो, तर त्यांनी मलाच उभं केलं. मी नाव, कंपनी, हुद्दा सांगितला.

“हे तर तुमच्या खिशावरच्या कंपनीच्या बिल्ल्यावरच लिहिलंय, यंग मॅन. तुम्ही कुणाचे?”

मी बेचाळीस वर्षांचा होतो. मुलं खुदखुदली. घाम पुसत मी आजीबद्दल बोललो. गावात ती जात न विचारता कुणाच्याही घरी बाळंतपणाला धावायची. भावकीने वाळीत टाकलं, तरी थांबली नाही.

सरांनी माझा हात घट्ट दाबला.

ट्रॉय या उपनगरातल्या माझ्या घरी पोचल्यावर तीच गोष्ट मी माझ्या लेकीला सांगितली.

“डॅड, हे मला आधी का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.