मामांचा हात लागलेली बॅग

माझ्या बायकोच्या मामांनी विमान कधी आतून पाहिलं नाही, पण आमच्या कॉलनीतली एकही बॅग त्यांचा हात लागल्याशिवाय परदेशी गेली नाही, आणि जी गेली तिच्या मालकाला पस्तावावं लागलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस हे लिहितोय, याची मला पूर्ण कल्पना आहे. मामा चादरींच्या कारखान्यात बाहेरदेशी जाणारे गठ्ठे बांधायचे. कारखाना सुटला, बांधायची खोड सुटली नाही. कुणाचा व्हिसा आला की मामा आपल्या गावाहून, कुंभारीहून, बसने येऊन दारात उभे. बोलावणं नाही, फोन नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं की म्हणायचे, "दार उगडं हुतं, म्हणून आलो की." एका घराने तर नजर लागू नये म्हणून सख्ख्या भावालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. मामा तिथेही गेले, आणि दिवाणाखाली लपवलेली बॅग त्यांनी न विचारता वाकून बाहेर ओढली.

मग तो प्रकार सुरू व्हायचा. उघड्या बॅगेपुढे मांडी घालायची, तळाला पंजा टेकवायचा आणि डोळे मिटून गप्प बसायचं. घरातल्यांचंही बोलणं आपोआप थांबायचं. मिक्सर चालू असला तर कुणीतरी उठून बंद करायचं. जरा वेळाने मामा उठायचे आणि आपलंच घर असल्यासारखे आत जाऊन काहीतरी घेऊन यायचे. कडक भाकरी, शेंगाचटणी, सुई-दोरा, डॉक्टरांची चिठ्ठी, कागदपत्रांच्या झेरॉक्स, तिथल्या प्लगात बसणारी पिन, हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ. ते लोक घालतातच. मानेची फुगीर उशी मात्र ते काढून फेकायचे. "मानंला उशी लागती तर मान कशापायी दिलीया?" आणि शेवटी कोपऱ्यात एक अशी वस्तू जायची जिचा प्रवासाशी काडीचा संबंध नसायचा. का, ते विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर म्हणायचे, "मला काय ठावं? बॅग मागती, मी देतो."

समोरच्या इंजिनिअर पोराच्या बॅगेत त्यांनी गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी सोडून घातली. पोराची आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन बोंबलत राहिली. पोरगं जर्मनीत उतरलं, तर विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावरून बॅग आली ती चेन फाटून, आतले बनियन लोंबत. त्याने तिथेच ती दोरीने करकचून बांधली आणि पहिला फोन आईला न करता मामांना केला. इथवर हसण्यासारखं होतं. पण कोपऱ्यावरच्या बाई दुबईला लेकीकडे निघाल्या, तेव्हा मामांनी त्यांच्या देवघरातली गंगाजलाची लोटी उचलली. बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. लेकीला तिथे काही झालं नाही. तिच्या शेजारच्या घरातले अक्कलकोटकडचे एक आजोबा मात्र शेवटच्या घटका मोजत होते, आणि अख्ख्या इमारतीत कुणाकडे गंगेचा थेंब नव्हता. बाईंनी जाऊन त्यांच्या तोंडात दोन थेंब घातले. परत आल्यावर त्यांनी हे मामांना सांगितलं. मामा दचकले नाहीत की काही नाही. बशीतला चहा संपवून त्यांनी एवढंच विचारलं, "पुरलं का?"

तेव्हापासून लोक मामांना चहा देत, पण नजर त्यांच्या हातांवर ठेवून.

मग आमची पाळी आली. आमची लेक नेदरलँड्सला असते. तिचे दिवस भरत आले आणि बायको बाळंतपणाला निघाली. मी मागाहून, निवांत, नातवंड बघायला जाणार होतो. मामा आले, बसले, डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ बसले. मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी खिळ्यावरचा माझा जुना सदरा काढून आणला. धुऊन धुऊन विरलेला, कॉलर उसवलेला, घरात वापरायचा.

"मामा, तो माझा आहे. मी कुठं चाललोय?"

"तुमी न्हाई हो, जावईबापू. ह्यो चाललाय."

आणि दोन्ही बाह्या छातीवर दुमडून त्यांनी तो कोपऱ्यात ठेवला. बायको डिंकाच्या लाडवांचा डबा हातात घेऊन तशीच उभी. मामा गेल्यावर म्हणाली, "अहो, मी जात नाही." मी तिला योगायोग म्हणजे काय यावर भलंमोठं व्याख्यान दिलं, तिला हसवलं आणि गाडीत बसवून दिलं. घरी येऊन बघतो तर भिंतीवर तो रिकामा खिळा.

आता सांगायला हरकत नाही, माझी पार गाळण उडाली होती. स्कूटरला हात लावायचं मी सोडलं. गीझर बंद केला. ब्लडप्रेशर तपासायला इतक्यांदा गेलो की डॉक्टर मला बघून हसायला लागला. मरणाची भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही, चांगलीच वाटत होती. पण नातवंडाचं तोंड न बघताच जावं लागतंय, या विचाराने जीव तुटायचा. बायको म्हातारपणी माझा सदरा उशाशी घेऊन बसली आहे, असं भलतंसलतं चित्र भरदुपारी डोळ्यांपुढे यायचं. शेवटी राहवेना, तेव्हा उठून कुंभारी गाठली.

मामांनी भाकरी पुढे केली. मी म्हटलं, "मामा, स्पष्ट सांगा. मी राहतो का जातो?"

मामा ठसका लागेपर्यंत हसले. "मला मानसांचं काय बी कळत न्हाई, जावईबापू. निस्तं बॅगांचं कळतं."

तेव्हा माझं खोलीकडे लक्ष गेलं. एक पातेलं, एक तांब्या, अंगावरचे कपडे. बाकी खोली मोकळी. चादरीच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाकडे पांघरायला चादर नव्हती.

"मामा, सामान कुठाय?"

"गेलं की. कुनाकुनाच्या बॅगंतनं."

"आणि तुम्हाला?"

"मला कुटं जायाचंय?" हे म्हणताना ते हसले नाहीत.

आठवडाभरात नातू झाला. व्हिडिओवर बायकोने फोन बाळाकडे वळवला, आणि मी बघतच राहिलो. पोरगं माझ्या सदऱ्यात गुंडाळलेलं! "दुकानातलं सगळं नवं, कडक," ती म्हणाली. "अंगाला लागलं की किंचाळायचा. आपल्याकडं बाळाला पहिलं जुनेरच देतात, थोरांच्या वापरातलं, ते आम्ही दोघी धांदलीत साफ विसरलो. तुमचा सदरा फाडून गुंडाळला तर लगेच झोपला बघा." मला रडू फुटलं. तसाच रिक्षा करून मामांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरला का?"

"पुरला मामा. उरलासुद्धा."

मग मीच लाडात येऊन विचारलं, "मी जाईन तेव्हा माझ्या बॅगेत काय घालणार?"

"तवाचं तवा," मामा म्हणाले.

उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी भिंतीला टेकून बसले होते, तसेच. त्यांना घालायला खोलीत धड कापड निघालं नाही. मी घरी येऊन माझी नवी चादर नेली, आणि पांघरताना तोंडून निघून गेलं, "पुरली का?" आजूबाजूच्यांना वाटलं, मला दुःखाने भ्रम झाला.

परवा माझा व्हिसा आला. बॅग भरून झाली आहे. गोळ्या, स्वेटर, चटणी, पिन, सगळं घातलं. फक्त एक कोपरा मोकळा ठेवलाय. लेकीकडून परत आलेली बायको आत-बाहेर करताना त्या कोपऱ्याकडे बघते. मला तिकडे काय लागणार आहे, हे आता सांगणारं कुणी उरलं नाही. काल दुपारपासून मी बाहेरचं दार उघडं ठेवलंय. धूळ येतेय, मांजरं येताहेत, पण बायकोनेही ते अजून लावलेलं नाही.