आत्याने परत केलेल्या बॅटऱ्या

आत्याचं लग्न जमलं ते बॅटऱ्या परत करता करता. टॉर्चला आमच्या घरात बॅटरीच म्हणतात, त्यामुळे सेल उतरले की ‘बॅटरीची बॅटरी गेली’ असं म्हणायची पाळी येते.

आत्या वीज कंपनीत मीटर वाचायची. घरोघरी जायचं, आकडा हातातल्या यंत्रात भरायचा की पुढचं दार. ऐकायला सोपं आहे, पण मीटर काही दर्शनी जागी पाहुण्यासारखे बसलेले नसतात. एखादा जिन्याखाली झाडू-बादल्यांच्या मागे, तर एखादा दोन इमारतींमधल्या बोळाच्या पार टोकाला, जिथे मांजर शिरेल पण आत्या नाही. तिची जुनी बॅटरी गटारात पडली, तेव्हा ती बाजारातल्या बॅटऱ्यांच्या दुकानात गेली.

दुकानदार पन्नाशीला टेकलेला, विधुर, आणि आपल्या मालाचा भलताच अभिमानी.

“याच्यापेक्षा जास्त उजेड अख्ख्या बाजारात मिळणार नाही,” म्हणत त्याने अंगठ्याएवढी एलईडी बॅटरी तिच्या हातात ठेवली. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा असा छापला होता की तो वाचूनच डोळे दिपावेत.

दुसऱ्याच दिवशी आत्या परत हजर. “अहो, मीटरच्या काचेवर हिचा उजेड पडला की माझंच तोंड दिसतं. आकडे कुठायत?”

“बाई, उजेड कमी आहे का?”

“जास्तच आहे. मला उजेड बघायचा नाहीये, आकडे बघायचेत.”

त्याने मान हलवत दुसरी दिली. हिचा झोत लांब जायचा. किती मीटर, ते खोक्यावर लिहिलं होतं. “तुमच्या खोक्यावरचे मीटर वेगळे आणि माझे वेगळे,” असं बजावूनच आत्याने ती नेली. बोळाच्या टोकाचा मीटर हिने झकास दिसला. पण जिन्याखाली उजेडाचा ठिपका एवढासा, की एकेक आकडा हुडकत वाचावा लागे. त्यातच झोत समोरच्या खिडकीत गेला आणि दाढी करणाऱ्या एका गृहस्थाने वस्तरा रोखून आत्याचा उद्धार केला. तीही परत गेली. तिसरी सगळीकडे सारखीच मिणमिणली, म्हणून परत.

दुकानदार वैतागला. “बाई, तुम्ही बॅटरी घेताय की नवरा बघताय?”

“नवरा परत करता येत नाही, म्हणून तर अजून घेतला नाही,” आत्या म्हणाली.

आता ही गोष्ट त्याच्या इभ्रतीची झाली. बाजाराच्या सुट्टीच्या दुपारी दुकानाखालच्या तळघरात सगळ्या बॅटऱ्यांची समोरासमोर परीक्षा घ्यायची, असं ठरलं. आत्याने साक्षीला माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला नेलं. मीही गेले, कारण घरात दुसरी करमणूक नव्हती.

तळघर लांबलचक, खांबांचं, भर दुपारी मिट्ट काळोखाचं. पलीकडच्या भिंतीवर दुकानदाराने वर्तमानपत्राचं पान चिकटवलं होतं. आम्ही या टोकाला उभे राहिलो. पहिली, सर्वांत झगझगीत बॅटरी लागली आणि खांब, कोळिष्टकं, वडिलांचं टक्कल, सगळं लख्ख झालं. पान मात्र राखाडीच राहिलं.

“हिने तळघर दिसतं, वर्तमानपत्र नाही,” वडील म्हणाले.

दुसरीचा झोत सुईसारखा सुटला. भिंतीवर बशीएवढं वर्तुळ पडलं, पण त्यात मथळा स्वच्छ उमटला.

“दोन्हींनी उत्तम दिसतंय,” दुकानदार ठामपणे म्हणाला. “पहिलीने तर जास्तच.”

“मग वाचून दाखवा मथळा,” आत्या म्हणाली.

तो घसा खाकरून वाचू लागला, “आज सकाळी... वातावरण...”

मथळा पुलाच्या दुरुस्तीचा होता. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. आत्याने बॅटरी तशीच धरून त्याला पुढे चालायला सांगितलं. तो चालत गेला, आणखी गेला, नाक पानाला लागायच्या बेतात आलं तेव्हा म्हणाला, “पूल!”

वडील फसकन हसले. आत्या हसली नाही.

“तुम्हाला लांबचं दिसत नाही, हे कधीपासून?”

“मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “बायको होती तोवर पाट्या तीच वाचायची.”

दुसऱ्या दिवशी आत्याने कामावर उशिरा येण्याची परवानगी काढली आणि त्याला चष्मेवाल्याकडे नेलं. नवा चष्मा लावून तो फुटपाथवर आला आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत सुटला. माणसं वळून बघू लागली. मग त्याने आत्याकडे पाहिलं. “तुमच्या हनुवटीवर तीळ आहे!”

“तो आधीपासूनच आहे,” आत्या म्हणाली खरी, पण घरी आल्यावर बराच वेळ आरशासमोर होती.

बॅटरीचा प्रश्न त्यानेच सोडवला. एका सकाळी तो तिच्याबरोबर जिन्याखाली वाकला आणि झगझगीत बॅटरीच्या तोंडावर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं दुधी प्लास्टिकचं टोपण बसवलं. उजेड मऊ होऊन पसरला, काचेवरची चकाकी गेली, सगळे आकडे एका नजरेत दिसले. बोळासाठी लांब झोताची वेगळी बॅटरी त्याने दिली. जवळच्या कामाला जास्त उजेड कुचकामी, हा आपला हट्ट चुकला, हे आत्याला कबूल करावं लागलं. आणि कबूल करणं हा काही तिचा प्रांत नव्हे.

पुढे महिनाभर ती दुकानात जातच होती, परत करायला काहीही नसताना. शेवटी वडिलांनी विचारलंच, “ताई, आता या वयात?”

“मग कोणत्या वयात? मागचं तर गेलं ना!”

रजिस्ट्रारच्या ऑफिसात सह्या करून लग्न झालं. नंतर कंपनीने आकडे आपोआप कळवणारे मीटर बसवले, तेव्हा आत्या नोकरी सोडून दुकानात बसू लागली. गिऱ्हाईक आलं की आधी विचारते, “काय बघायचंय?” मगच कपाट उघडते. आतोबांना आता बारीक टाइप दुरूनही दिसतो, पण ते रहस्यकथांत बुडालेले असतात. परवा मी गेले तेव्हा त्यांनी मान वर न करता मला “या, कोणती दाखवू?” असं विचारलं. आत्याने पुस्तक काढून घेतलं आणि त्यांना चहा आणायला पाठवलं.